मिशिगन सरोवरात सॅल्मन धरायचाय? आधी पाणी मोजा

शिकागोत किंवा मिलवॉकीत नव्याने राहायला आलेला, मासे आवडणारा मराठी माणूस पहिल्या उन्हाळ्यात एकदा तरी मिशिगन सरोवराच्या काठी जातो आणि म्हणतो, "हा तर समुद्रच आहे." पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा फुटतात, दूरवर मालवाहू जहाजं जाताना दिसतात. लांबी सुमारे ४९४ किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या निम्म्याहून जास्त. सगळ्यात खोल जागी पाणी २८१ मीटर. मग कुणीतरी सांगतं की इथे सॅल्मन मिळतो. माणूस दुकानातून काठी आणि रीळ आणतो, जुलैतल्या एखाद्या रविवारी दुपारी धक्क्यावर उभा राहतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो.

माझा पहिला उन्हाळा असाच गेला. आमिष बदललं, दोरी बदलली, जागा बदलली. पुढच्या वर्षी एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने धक्क्यावरून दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडून दाखवला. पाणी २३ अंश होतं. "या पाण्यात सॅल्मन पाऊलसुद्धा ठेवणार नाही," असं तो म्हणाला. तेव्हापासून मी गळाआधी थर्मामीटर काढतो. या लेखातलं सगळं त्या एका सवयीवर उभं आहे. सॅल्मनला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी हवं असतं. तिकडचे लोक फॅरनहाइटमध्ये बोलतात, त्यांच्या तोंडी "फिफ्टी फोर" हा आकडा सतत असतो, म्हणजे १२ अंशांच्या आसपास. हे पाणी मार्चमध्ये कुठे असतं, जुलैत कुठे जातं आणि सप्टेंबरात कुठे परत येतं, हे कळलं की ऋतूंप्रमाणे पद्धत का बदलते ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

मासा मुळात आला कुठून

हा मासा इथला नाही. पॅसिफिक महासागरातला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात समुद्री लँप्रे या रक्त शोषणाऱ्या माशाने आणि बेसुमार मासेमारीने सरोवरातले मोठे शिकारी मासे संपत आले. त्यांना घाबरणाऱ्या एलवाइफ नावाच्या छोट्या चंदेरी माशाची संख्या मग भरमसाट वाढली. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे खच शिकागोच्या किनाऱ्यांवर पडले होते. त्याआधीच, १९६६ साली, मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर आणि त्यांचे सहकारी वेन टोडी यांनी ऑरेगनमधून आणलेल्या अंड्यांतून वाढवलेली कोहो सॅल्मनची पिल्लं नद्यांमध्ये सोडली. पुढच्या वर्षी चिनूक या दुसऱ्या जातीचे सॅल्मन सोडले. एलवाइफवर ताव मारून ते इतके झपाट्याने वाढले की सरोवराचं रूपच बदललं.

हा इतिहास गळ टाकणाऱ्याच्या कामाचा आहे. चिनूक आजही जवळजवळ सगळा एलवाइफवर जगतो. जिथे एलवाइफचा थवा, तिथे चिनूक. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ संपले आणि पाठोपाठ चिनूकही ओसरला. म्हणून मासेमारीच्या बोटींवर फिश फाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर आधी एलवाइफचे ढग शोधतात.

एक खुलासा इथेच करतो, कारण पाहुणे हटकून विचारतात. आपल्याकडच्या हॉटेलांत रावसाला "इंडियन सॅल्मन" म्हणतात, पण रावसाचं आणि सॅल्मनचं काही नातं नाही. चवही वेगळी, चरबीही वेगळी.

ओळख आणि परवाना

नवख्याने दोन सॅल्मन ओळखायला शिकावेत. चिनूकला इथे "किंग" म्हणतात. त्याचं तोंड उघडून पाहा: हिरड्या काळ्या, आणि शेपटीच्या वरच्या-खालच्या दोन्ही भागांवर काळे ठिपके. कोहोच्या हिरड्या दातांपाशी पांढुरक्या असतात आणि ठिपके शेपटीच्या फक्त वरच्या भागावर. तिसरा एक मासा हमखास फसवतो, तो स्टीलहेड, म्हणजे सरोवरात वाढलेला रेनबो ट्राउट. त्याचं तोंड आतून पांढरं आणि शेपटीभर ठिपक्यांच्या रांगा. ओळख पटली नाही तर नियमात चूक होते आणि दंड भरावा लागतो.

सरोवर चार राज्यांत वाटलेलं आहे: इलिनॉय, इंडियाना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन. ज्या राज्याच्या पाण्यात गळ, त्या राज्याचा परवाना. इलिनॉयमध्ये १६ वर्षं पूर्ण झालेल्यांना परवाना लागतो आणि मिशिगन सरोवरातल्या सॅल्मनसाठी त्यावर वेगळा सॅल्मन स्टँप, म्हणजे जोड-परवाना. विस्कॉन्सिन आणि इंडियानाचे आपापले स्टँप आहेत. इलिनॉयच्या उत्तर टोकाला विन्थ्रॉप हार्बरहून बोट काढली तर थोड्याच वेळात विस्कॉन्सिनची हद्द लागते. पाण्यावर रेघ नसते, त्यामुळे जीपीएसवर नजर ठेवा. भारतातून आलेल्या आईवडिलांना बोटीवर न्यायचं असेल, तर एक दिवसाचा परवाना मिळतो. तो फोनवरून काढता येतो. दिवसाला किती मासे, माणशी किती दोऱ्या, हे राज्यागणिक वेगळं असतं आणि बदलतंही, म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची नवी पुस्तिका वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

वसंत: मार्च ते मे, काठावरच्या माणसाचे दिवस

थंडी सरताना सरोवराचं पाणी जवळजवळ सगळीकडे गार असतं, अगदी ३-४ अंश. अशा वेळी मासा "गार" पाणी शोधत नाही, त्यातल्या त्यात ऊबदार पाणी शोधतो. ते सापडतं दक्षिण टोकाला, उथळ किनाऱ्याशी. म्हणून मार्चमध्ये कोहो इंडियानाच्या किनाऱ्यावर, मिशिगन सिटीच्या आसपास जमतो, एप्रिलमध्ये शिकागोसमोर येतो, मे महिन्यात वॉकीगनकडे सरकतो आणि जूनमध्ये विस्कॉन्सिनच्या पाण्यात पोचतो. पाणी तापत जातं तसा हा मासा पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे चालत जातो, वारकऱ्यांसारखा मुक्काम करत करत.

बोट नसलेल्या माणसाला वर्षातली ही पहिली आणि सगळ्यात सोपी संधी. शिकागोत माँट्रोझ हार्बर, बर्नहॅम हार्बर, उत्तरेला वॉकीगनचा धक्का. एप्रिलमध्ये पहाटे तिथे पोचा. उजाडल्यापासून पहिले दोन तास सोन्याचे.

साहित्य साधं ठेवा. आठ-नऊ फुटांची मध्यम ताकदीची काठी, मध्यम आकाराचं स्पिनिंग रीळ, त्यावर दहा-बारा पौंडांचा ताण सोसणारी नायलॉन दोरी. आमिष म्हणून मोठं गांडूळ. तरंगा बांधून ते चार ते आठ फुटांवर लोंबकळत ठेवा, किंवा तळाला वजन टाकून गांडुळाबरोबर छोटा मार्शमेलो ओवा, म्हणजे गळ तळापासून जरा वर तरंगतो. हो, तोच मुलांचा मार्शमेलो. कोहो तळाला तोंड घालत नाही, त्यामुळे ही युक्ती उपयोगी पडते. उभ्या उभ्या कंटाळा आला तर स्पून फेका. स्पून म्हणजे धातूचा वाकडा, चमच्यासारखा चकाकता तुकडा, वीस ते तीस ग्रॅमचा. फेकल्यावर लगेच ओढू नका. मनात पाच मोजा आणि ओढा, पुढच्या वेळी दहा मोजा, मग पंधरा. ज्या आकड्यावर झटका बसला, तो आकडा सकाळभर धरून ठेवा.

शिकागोच्या काठावर तुम्हाला एक अजब प्रकार दिसेल. काही लोक दाबलेल्या वायूच्या नळकांड्याने वजन दूर पाण्यात उडवतात, त्याला जोडलेल्या जाड दोरीवर ओळीने आमिष लावलेले गळ सोडतात आणि काठाशी घंटी बांधून खुर्चीत बसतात. याला पॉवरलायनिंग म्हणतात. नवख्याने त्या भानगडीत लगेच पडू नये, पण त्यांच्याशी गप्पा जरूर माराव्यात. कालपर्यंत मासा कुठे होता हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. फक्त त्यांची दोरी कुठून गेलीय ते आधी विचारून मगच आपला गळ टाका.

वसंतात आणखी एक खूण लक्षात ठेवा. पावसानंतर ओढ्यानद्यांचं गढूळ पाणी सरोवरात उतरतं, ते आसपासच्या पाण्यापेक्षा थोडं ऊबदार असतं. गढूळ आणि स्वच्छ पाण्याची जी सीमा दिसते, तिच्या कडेकडेने मासा फिरतो. गढुळात खोल नको, अगदी बाहेरच्या नितळातही नको, कडेवर टाका.

बोटीवर असाल तर या दिवसांत पद्धत ट्रोलिंगची: बोट ताशी तीन-चार किलोमीटरने चालती ठेवायची आणि मागे आमिषं ओढत न्यायची. मासा वरच्या पाच-दहा फुटांत असतो आणि बोटीच्या सावलीला बुजतो. म्हणून प्लेनर बोर्ड वापरतात, हे तरंगणारे छोटे फळे दोऱ्यांना बोटीपासून बाजूला लांब नेतात. कोहोला वसंतात नारिंगी आणि लाल रंगाचं वेड असतं. लहान नारिंगी डॉजर, म्हणजे डुलणारी पट्टी, आणि तिच्या मागे वीतभर-दीडवीत दोरीवर छोटी चकाकणारी माशी, म्हणजे धाग्यांनी बांधलेलं कृत्रिम आमिष, एवढ्यावर या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या मासे निघालेत. अंतर वाढवलं की माशीची उडी मंदावते आणि कोहो तोंड लावत नाही.

आता जिवाची गोष्ट. एप्रिलमध्ये ऊन छान पडलेलं असतं आणि पाणी पाच-सहा अंशांचं असतं. या पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्याच मिनिटात बिघडतो आणि थोड्याच वेळात हातपाय चालेनासे होतात. उत्तम पोहता येत असलं तरी. लाइफ जॅकेट बोटीवर अंगात हवं, बाकाखाली ठेवून उपयोग नाही. धक्क्यावर लाटा चढत असतील तर त्या दिवशी धक्का सोडून द्या. २३ सप्टेंबर १९६७ रोजी, कोहोची पहिली मोठी लाट आली तेव्हा, मिशिगन किनाऱ्यावरच्या प्लॅट बेमध्ये छोट्या होड्यांचा मेळाच भरला होता. वादळाचा इशारा बहुतेकांनी मनावर घेतला नाही आणि सात जण बुडाले. छोट्या होडीने जाणाऱ्याने राष्ट्रीय हवामान सेवेचा किनारी अंदाज वाचावा. लाटा दोन फुटांपर्यंत असतील तर ठीक. तीन-चार फूट म्हटलं असेल तर नवख्याने घरी थांबावं.

उन्हाळा: जून ते ऑगस्ट, खोल पाण्याचा खेळ

जून उलटला की वरचं पाणी तापतं आणि सरोवराचे थर पडतात. वर ऊबदार थर, खाली गार थर, आणि दोन्हींच्या मध्ये एक पातळ पट्टा, जिथे काही फुटांत तापमान धाडकन खाली येतं. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. मिशिगनचा चिनूक उन्हाळाभर या पट्ट्याच्या आसपास राहतो. पट्टा कधी तीस फुटांवर, कधी ऐंशीवर. माझ्या त्या पहिल्या जुलैत मासा माझ्यापासून काही किलोमीटर आत आणि बरेच फूट खाली होता. धक्क्यावरून तिथवर पोचायला काही मार्ग नव्हता.

पट्टा रोज एकाच जागी का राहत नाही, हे कोकणातल्या माणसाला लवकर कळतं, कारण आपल्याला मतलई आणि खारे वारे माहीत असतात. शिकागो-मिलवॉकीच्या किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा म्हणजे मतलई, जमिनीकडून पाण्याकडे जाणारा. तो दोन दिवस नेटाने वाहिला की वरचं ऊबदार पाणी आत लोटलं जातं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. जुलैतही मग पोहायला गेलेली मुलं कुडकुडत बाहेर येतात. त्या दिवशी काठी उचला आणि धक्क्यावर जा, उन्हाळ्यात काठावरून चिनूक मिळण्याची तीच वेळ. पूर्वेचा वारा सुटला की उलट होतं: ऊबदार पाणी किनाऱ्यावर चढतं, पट्टा खाली दबतो आणि मासा लांब जातो. मिशिगन राज्याच्या, म्हणजे पूर्वेच्या, किनाऱ्यावर, लडिंग्टन किंवा मॅनिस्टीला असाल, तर हेच गणित आरशात पाहिल्यासारखं उलटं करा.

निघण्याआधी दोन गोष्टी पाहा. अमेरिकेच्या नोआ या सागर-हवामान संस्थेच्या ग्रेट लेक्स कोस्टवॉच संकेतस्थळावर उपग्रहाने टिपलेलं पृष्ठभागाचं तापमान नकाशावर दिसतं. आणि विल्मेट, मिशिगन सिटी यांच्यासमोर उन्हाळ्यात मोजणी करणारे तरंगते बोये असतात, त्यांच्यावरून लाटा आणि पाण्याचं तापमान घरबसल्या कळतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा आग्रह असतो की एकदा तरी भाड्याची चार्टर बोट करा. खर्च सहा जणांत वाटला की सोसतो. बोटीचा कॅप्टन म्हणजे आपला तांडेलच, आणि त्याच्या हाताखालचा खलाशी सगळ्या काठ्या लावून देतो. खलाशाला शेवटी वेगळी टिप द्यायची पद्धत आहे, ते पैसे आधीच बाजूला ठेवा. बोट बहुधा उजाडण्याआधीच निघते. मागे बसून फोन पाहू नका. खलाशी काय करतो ते पाहा, विचारा. चार तासांत जे कळतं, ते पुस्तकांतून वर्षभरात कळत नाही.

पाहायचं काय, ते सांगतो.

आमिष खोल नेण्याच्या तीन रीती असतात. पहिली, डाउनरिगर: तारेला बांधलेला चार ते सात किलोचा शिशाचा गोळा. गोळा हवा तेवढा खाली सोडायचा, दोरी त्याला चिमट्याने अडकवलेली असते, मासा लागला की ती सुटते. खोली अचूक कळते, हा त्याचा मोठा गुण. दुसरी, डिप्सी डायव्हर: तिरकी बसवलेली प्लास्टिकची तबकडी, पाणी कापत खाली आणि बाजूलाही जाते. छोट्या बोटीसाठी ही स्वस्त आणि चांगली. तिसरी, शिशाचा गाभा असलेली दोरी, लेड कोर. तिचा रंग दर दहा यार्डांवर बदलतो, आणि नेहमीच्या वेगात दर रंगामागे ती साधारण पाच फूट खाली जाते. "पाच रंग सोड" म्हटलं की पंचवीस फूट समजायचं.

एक काठी पट्ट्याच्या जरा वर, एक बरोबर पट्ट्यात, एक खाली, अशी सुरुवात करा. सगळ्या काठ्या एकाच खोलीवर लावणं ही नवख्यांची नेहमीची चूक. पहिला मासा कोणत्या काठीला लागला, कोणत्या रंगाच्या स्पूनला, बोट कोणत्या दिशेने जात होती, हे लगेच लिहून ठेवा. खिशात वही असू द्या, लाटांवर डोकं भरोशाचं नसतं.

पहाटेच्या अंधारात स्वयंप्रकाशी आमिषं, टॉर्चने उजळून घेतलेली. सूर्य वर आला की हिरवे-निळे-चंदेरी स्पून. दिवस चढला आणि चावे थांबले, की फ्लॅशर आणि माशी: हातभर लांब दोरीवर माशी, पुढे गरगरणारी मोठी पट्टी. चिनूकला तिचा चकाकाट लांबून दिसतो.

वेगाबद्दल एक बारकावा, जो मला समजायला तीन वर्षं लागली. पृष्ठभागावरचा वेग आणि सत्तर फुटांवरचा वेग एक नसतो, कारण खाली वेगळा प्रवाह असतो. जीपीएस चार किलोमीटर दाखवतो आणि खालचं आमिष दोननेच लटकत असतं. यावर यंत्रं मिळतात, पण फुकटचा उपाय म्हणजे बोट सरळ न चालवता नागमोडी चालवा. वळणावर बाहेरच्या बाजूच्या काठ्यांचा वेग वाढतो, आतल्या बाजूच्यांचा कमी होतो. दोन-तीन वळणांत बाहेरच्याच काठीला चावे आले, तर वेग वाढवा. आतलीला आले, तर कमी करा. मासाच तुम्हाला वेग सांगतो.

जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवर चिकट, कापसासारखे गोळे जमतील. घाबरू नका. ते काटेरी पाणपिसवा आहेत, बाहेरून आलेला इवलासा जीव. दोरी काठीच्या कड्यांत अडकते आणि ऐन वेळी मासा तुटतो. जाड, तीस पौंडांच्या आसपासची दोरी वापरली की त्रास कमी होतो.

मासा लागल्यावर काय? चिनूक पहिल्या धावेत शंभर यार्ड दोरी सहज ओढून नेतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना लागणारा ब्रेक, आधीच सैल ठेवा, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढाच. धावत असताना रीळ फिरवू नका, फक्त काठी वर धरा. थांबला की काठी हळू वर उचला, खाली नेताना दोरी गुंडाळा. बोटीजवळ आला की तो पुन्हा एकदा धावणारच, घाईने जाळी मारली तर तिथेच सुटतो. जाळी डोक्याच्या बाजूने घाला. धक्क्यावर असाल तर लांब दांड्याची जाळी लागतेच, पाणी आठ-दहा फूट खाली असतं आणि दोरीने उचलायला गेलात तर गळ निसटतो.

खोलातून वर आलेला, गरम थरातून ओढलेला मासा सोडून दिला तरी बऱ्याचदा जगत नाही. म्हणून उन्हाळ्यात खायला हवेत तेवढेच घ्या आणि गळ आवरा. सोडण्यासाठी धरू नका.

शरद: ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, मासा घरी परततो

इकडे नारळी पौर्णिमा होते आणि कोळी बांधव होड्या समुद्रात घालतात, त्याच सुमाराला तिकडे चिनूक खोल पाणी सोडून किनाऱ्याकडे निघतो. चिनूक साधारण तीन-चार वर्षं जगतो, कोहो तीन. आयुष्याच्या शेवटी ज्या नदीत जन्मला किंवा जिथे पिल्लू म्हणून सोडला गेला, तिथे परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. सगळेच मासे पाळीव पैदाशीचे नसतात, आज सरोवरातले निम्म्याहून जास्त चिनूक निसर्गात जन्मलेले आहेत, बहुतेक मिशिगनच्या नद्यांत.

या मोसमात नियम उलटतो. मासा आता खात नाही. त्याचं पोट आक्रसत जातं, सगळी ताकद अंड्यांत आणि वीर्यात जाते. मग तो चावतो का? चिडून. म्हणून भूक चाळवणारं आमिष सोडा आणि त्याला डिवचणारं घ्या: मोठा, झोकांड्या खाणारा प्लग, म्हणजे माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष, खुळखुळणारा, भडक रंगाचा. बंदराच्या तोंडाशी, पंधरा ते चाळीस फुटांत, उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर. गार रात्र आणि किनाऱ्याशी चढलेलं गार पाणी दोन्ही जुळलं, तर मासे उड्या मारताना ऐकू येतात.

काठावरच्या माणसाला ही दुसरी संधी. सप्टेंबरच्या मध्यापासून शिकागोच्या बंदरांत रात्री स्वयंप्रकाशी स्पून फेका. दर तीन-चार फेकांनंतर तो टॉर्चने पुन्हा उजळवा. दिवसा गाबोळी लावा. धरलेल्या मादीची गाबोळी मिठात मुरवून तिचे सुपारीएवढे तुकडे करतात आणि तरंग्याखाली सोडतात. काही जण त्यात बोरॅक्स घालतात. ती गाबोळी फक्त गळासाठी, ताटात कधीही नाही. घरात वेगळ्या, खूण केलेल्या डब्यात ठेवा.

मासा नदीत शिरला की विस्कॉन्सिनमधल्या रसीनची रूट नदी किंवा मिशिगनमधली पेरे मार्केट नदी माणसांनी गजबजते. उथळ पाण्यात भले मोठे मासे समोर दिसतात आणि गळ ओढून कुठेही अडकवण्याचा मोह होतो. तोंडात नसून अंगात रुतलेला मासा सोडून द्यावा लागतो, असा या राज्यांत कायदा आहे, आणि तो योग्य आहे. अंडी घालणाऱ्या जोडीच्या खळग्यातून चालतही जाऊ नका. पुढच्या चार वर्षांचे मासे तिथल्या खडीत असतात.

कोहो यानंतर, ऑक्टोबरपर्यंत आणि कधी नोव्हेंबरातही येत राहतो.

ताटात येईपर्यंत

मासा हातात आला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात घाला. हे केलं नाही तर बाकी सगळी मेहनत वाया. चरबीचा, म्हणजे पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला दिसला, तर तो पैदास केंद्रातला मासा. अशा अनेक माशांच्या नाकात मोजणीसाठी सूक्ष्म तार असते. मत्स्यविभाग डोकी गोळा करतो, जवळचं केंद्र विचारून डोकं द्या. पुढे किती पिल्लं सोडायची, हे त्यावरून ठरतं.

खाण्याला वसंतातला कोहो सगळ्यात उत्तम, लालबुंद आणि मऊ. उन्हाळ्यातला चिनूकही छान. नदीत काळवंडलेल्या माशाचं मांस फिकं आणि पचपचीत होतं, तो घेऊ नका.

सरोवरात जुन्या कारखान्यांची पीसीबी रसायनं अजून आहेत आणि ती चरबीत साठतात. कातडी काढा, पोटाकडची आणि पाठीवरची चरबी आणि मधली तपकिरी पट्टी कापून टाका, आणि चरबी गळून जाईल असं भाजा. राज्य सरकारं महिन्यातून किती वेळा खावा याचे तक्ते देतात. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ते जास्त कडक आहेत. घरात सांगून ठेवा, पाहुण्यांनाही.

सुरमईसारखा रवा लावून तळू नका, तेलकट होतो. आल्या-लसणाचं वाटण, हळद, तिखट आणि भरपूर आगळ लावून तासभर ठेवा आणि ओव्हनमध्ये जाळीवर भाजा. आमसुलाचा आंबटपणा या चरबीला बरोबर तोडतो. नारळाच्या रसाचं कालवण मात्र मी करत नाही, चरबीवर चरबी होते.

हिवाळा

नोव्हेंबरनंतर सॅल्मन विखुरतो, बंदरं गोठतात, बोटी बाहेर काढतात. रीळ उघडून तेल घाला, जुनी दोरी टाकून द्या, गळांना धार लावा. वहीतल्या नोंदी एकदा शांतपणे वाचा: तारीख, वारा, तापमान, खोली, रंग. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की तुमच्या किनाऱ्याचं पंचांग आपोआप तयार होतं.

आणि चारही राज्यांचे वार्षिक परवाने ३१ मार्चला संपतात, आपल्या मार्च एंडसारखे. कोहोची पहिली बातमी मिशिगन सिटीकडून त्याच सुमाराला येते, म्हणून नवा परवाना आधीच काढून ठेवा.